विनीमावशीच्या पर्समागचा नंबर

स्वाफम, नॉरफोक
२ मार्च १९९४

ती. ऑड्रीताईस,
क्लिफर्डचा सा. न. वि. वि.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र. प्लास्टरमधला पाय बरा आहे असं धरून चालतो, कारण माझं तुझ्याकडे काम आहे.

आधी बातमी. सात वर्षांपूर्वी शेतातून ते कोंबड्यांचं खुराडं झालेलं जुनं वाहन ओढून आणलं, तेव्हा तू मला वेड्यात काढलं होतंस. काल वॉटर पेपर पाण्यात भिजवून त्याच्या बॉनेटची बाजू हळूहळू घासत बसलो. वर खुराड्याचा हिरवा रंग, त्याखाली कुण्या मासेवाल्याचा निळा, त्याखाली लष्करी खाकी, आणि खाकीवर पांढरा ए आणि सात आकडे. सगळे शाबूत. डोरीनला हाका मारून मारून माझा घसा बसला.

आता ही आई युद्धात चालवायची तीच ॲम्ब्युलन्स, हे तिच्या त्या वेळच्या फोटोवरून पक्कं व्हायला हवं. तो फोटो मी भिंगातून इतका पाहिलाय की चाकांचे नट पाठ झालेत. छपरावरची झाकणं, दाराऐवजी लावलेली ताडपत्री, सगळं जुळतं. फक्त नंबर दिसत नाही, कारण बरोबर त्याच्यापुढे विनीमावशी उभी आहे, पोटाशी ती भली मोठी पर्स धरून. आईला विचारलं तर ती म्हणते, नंबर काही आठवत नाही, विनी कायम मध्ये यायची एवढं आठवतं.

त्याच दिवशीचा दुसरा फोटो मावशीच्या मुलीकडे, मेव्हिसकडे आहे. तिचं म्हणणं, ऑड्रीने स्वतः मागितला तरच देईन. तेव्हा ताई, या एका वेळेला नमतं घे. जूनमध्ये गावच्या जत्रेत जुन्या गाड्यांची मिरवणूक आहे आणि तुझी गाडी तुला आणून दाखवतो, असा शब्द मी आईला देऊन बसलोय. आई सत्याहत्तरची झाली, त्यात तिचं हृदय हे असं. पुढच्या वर्षीचं कुणी सांगावं.

डोरीनचा नमस्कार. तुझा लोभ आहेच, त्यातला थोडा मेव्हिसकडे वळव.

तुझा,
क्लिफर्ड

व्हिटबी
१९ मार्च

चि. क्लिफर्ड यास अनेक आशीर्वाद.

नऊ वर्षांनी मेव्हिसला पत्र लिहिलं. मावशीचं ट्रायफल पुडिंगचं काचेचं भांडं तिला हवंच होतं, ते दिलं. वाटेत तडा गेला म्हणायला तोंड राहू नये म्हणून तीन टॉवेलांत बांधून पाठवलं. तुझ्या त्या खुराड्यापायी माझा नाताळ आता साध्या वाडग्यात होणार.

फोटो सोबत आहे. मावशीने तो अल्बममधून का काढला, ते बघताच कळेल. तिचा मोजा घसरलाय आणि ती वाकून तो ओढतेय. त्यामुळे तुझा नंबर मोकळा झालाय. मी काही तो वाचला नाही, मी आईकडेच बघत राहिले. केवढीशी आहे रे ती! तोंडभर हसतेय. तूही एकदा तिच्याकडे बघ. तुझ्या लग्नाच्या फोटोतसुद्धा तू डोरीनला सोडून मागच्या ट्रककडे बघतोयस.

कळावे, आणि काय निघालं तेही कळवावे.

ऑड्रीताई

स्वाफम
२७ मार्च

ती. ऑड्रीताईस सा. न. वि. वि.

ती आईची गाडी नाही.

सहा आकडे जुळतात. शेवटचा फोटोत चार आहे, माझ्याकडे सात. पुन्हा घासून पाहिलं, भिंग लावून पाहिलं, डोरीनला पाहायला लावलं. सातच आहे. त्याच तुकडीतली असणार, एकाच दिवशी कारखान्यातून निघालेली असणार, पण आईची नाही. सात वर्षं मी कुणा परक्या बाईची गाडी घासत होतो. शेडमध्ये जाववत नाही.

आई रोज विचारते, रंग कुठवर आला. कालच केस कापून घेतलेत, मिरवणुकीसाठी. तिला काय सांगू?

क्लिफर्ड

व्हिटबी
३ एप्रिल

चि. क्लिफर्ड यास अनेक आशीर्वाद.

यात एवढं रडण्यासारखं काय आहे? ब्रश घे आणि चार रंगव. आईला नंबर आठवत नाही, कोंबड्या सांगायला येणार नाहीत आणि मी तोंड उघडणार नाही. तुझ्या जुन्या गाड्यांच्या क्लबातल्या त्या टोपीवाल्यांना खोटा नंबर म्हणजे महापाप वाटत असेल, पण आई त्यांची नाही, आपली आहे. तिला तिच्या गाडीत बसल्याचं सुख मिळू दे.

तब्येतीला जप. माया आहे म्हणूनच हे सांगते.

ऑड्रीताई

स्वाफम
१३ जून

ती. ऑड्रीताईस सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं नाही. दोन संध्याकाळी ब्रश हातात घेऊन बसलो होतो. पण ज्या कुणी पोरीने ती सात नंबरची गाडी चालवली असेल, तिला पुसून टाकल्यासारखं वाटायला लागलं. शेवटी खरा सातच रंगवला, बॉनेटच्या दोन्ही बाजूंना आणि मागच्या दारावर. आईला जत्रेच्या मैदानावरच खरं सांगायचं ठरवलं होतं.

सांगायची वेळच आली नाही. आईला चाकांच्या खुर्चीवरून नेलं तेव्हा गाडीची पाठ आमच्याकडे होती. आईने मागचं दार पाहिलं आणि माझा हात असा धरला की अजून दुखतोय. म्हणाली, ही ओलिव्हची. मी विचारलं, तुला तर नंबर आठवत नव्हता? त्यावर ती माझ्यावरच डाफरली, "माझा कसा आठवेल? मी आत स्टिअरिंगवर बसायचे. दिवे बंद ठेवून स्टेशनवरून जखमी न्यायचे, तर चार वर्षं डोळ्यांपुढे हा एवढा एकच नंबर होता. तो दिसला की रस्ता आहे असं समजायचं."

ओलिव्ह म्हणजे आईला नाताळला कार्ड पाठवायची ती. तिला जाऊन बारा वर्षं झाली.

मिरवणुकीत आई ॲम्ब्युलन्सला हातही लावायला तयार होईना. ओलिव्हच्या गाडीत मी कधी बसले नाही, मी मागे असायचे, असं म्हणत आपल्या छोट्या मोटारीत जाऊन बसली. मग काय, सात वर्षं मी जिची वाट पाहिली ती गाडी डोरीनने मिरवली, आणि मी आईला घेऊन तिच्या मागे. ताई, मी रडलो, हे तुला सांगायला लाज नाही. मेव्हिसही आली होती. तुझी फार चौकशी केली, आता तूच तिला एक पत्र टाक. लोभ असाच राहू दे, सल्ले मात्र जरा कमी कर.

आई अख्ख्या वाटेत त्या मागच्या दारावरून नजर हलवत नव्हती. चर्चच्या वळणावर मी जरा पुढे घेतली, तर गुडघ्यावर चापट मारून म्हणाली, "अंतर ठेव रे. ओलिव्ह न सांगता ब्रेक मारते."

तुझा,
क्लिफर्ड