पाळण्याचा बुश

१७ एप्रिल १९९६

आज पुन्हा तेच! सकाळी गपगार, आणि दुपारी पत्रे तापले की कुईऽऽ कुईऽऽ. पाळण्याच्या लोखंडी कडीतला नायलॉनचा बुश, म्हणजे सळई ज्यात फिरते ती नळी, मी स्वतः खरादावर कातून काढला. कारखान्यात कापड विणायच्या लूमचे असले बुश रोज ढिगाने करतो. बसवला तेव्हा अख्ख्या गल्लीला दाखवत फिरलो होतो. आता मालतीबाई भिंतीपलीकडून ओरडते – "गोपालभाऊ, हाऊ पाळणा शे का लूम?" नाक कापलं माझं!

आमची पोर चिमी मात्र त्या आवाजात ढाराढूर झोपते.

१९ एप्रिल

तेल घातलं. उपयोग शून्य. उलट चादरीवर पांढरा भुगा पडतो – बुश झिजतोय. अनुसया म्हणाली, पाळणाच बदला. मी म्हटलं, त्यापेक्षा नवरा बदल! हसली. किती दिवसांनी हसली.

२२ एप्रिल

लिहायचं नव्हतं. लिहितो.

अनुसयाने चिमीच्या पाठीमागे मुद्दाम ताट पाडलं. पोरीने मान वळवली नाही. सात महिन्यांची झाली. टाळ्या, खुळखुळा, काही नाही. चिमी पोटात असताना अनुसया लूमवर उभी राहायची. तिथेच पोरीचे कान गेले असं तिच्या मनाने घेतलंय. "मनीच चूक शे" म्हणत राहिली. मी तिच्यावर खेकसलो. भीती मलाही वाटते. फार वाटते.

२६ एप्रिल

दवाखाना. डॉक्टरने घंटी वाजवली, चिमी नुसती भोकाड पसरून रडत होती. तो म्हणाला, "लिंबायतच्या लूमच्या खडखडाटात वाढलेली छोकरी ताटाला कशाला दचकेल? जूनमध्ये कान मशीनवर तपासू, तोपर्यंत गभराऊ नका." अनुसया रिक्षातही चिमीच्या कानाशी चुटक्या वाजवत राहिली. मला मात्र जरा बरं वाटलं. खोटं का लिहू!

३० एप्रिल

सापडलं! कारखान्याचा शेठ लूमचे जाम झालेले बुश घेऊन आला – उन्हाळ्यात सगळे असेच परत येतात. एक गरम पाण्यात टाकला, मग मोजला. नायलॉन तापलं की फुगतं. बाहेरून लोखंडी कडी, मग फुगणार कुठे? आत! भोक आवळतं, सळई धरून ठेवतं. घासलं की आणखी तापतं, तापलं की मऊ पडतं, मऊ पडलं की खरवडून निघतं. पितळ ही गरमी पुढे देऊन मोकळं होतं, नायलॉन तिथेच धरून बसतं. आणि मी पितळेच्या सवयीने भोक घट्ट ठेवत होतो! इतकी वर्षं! शेठ म्हणाला, "तो ढीला राख ने, भाई." एवढंच.

२ मे

काळ्या नायलॉनचा नवा बुश काढला. त्यात पेन्सिलीच्या शिशासारखी पूड मिसळलेली असते, घसरतं छान. भोक सैल ठेवलं. सकाळी थोडा डुगडुगेल, डुगडुगू दे.

५ मे

बसवला. भर दुपारी पत्र्याला हात लागत नव्हता, तरी पाळणा गप्प! मालतीबाई दारात येऊन बघून गेली. मी ताठ मानेने बिडी ओढत बसलो.

पण चिमी झोपेना. ताप नाही, पोट मऊ, दूधही घेईना. अनुसयाने खांद्यावर घेतलं की हुंदके कमी, पाळण्यात ठेवलं की पुन्हा रडणं. वर कडीकडे टक लावून रडते. ऊन उतरेपर्यंत हेच. अनुसया मध्येच थबकली, माझ्याकडे बघत म्हणाली, "तो जुना बुश फेका नही ना?"

६ मे

पत्रे तापल्यावर जुना बुश परत घातला. पाळणा हलवला – कुईऽऽ! चिमी रडता रडता थांबली. मान वर केली आणि हसली. अनुसया माझा शर्ट धरून ओरडत होती, "आयकस ती! आयकस!"