जत्रेतला खांदा

करावे, नवी मुंबई
१८ जुलै २०२५

ती. जमुनाताईस,
धाकट्या रोहिदासचा शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र येऊन महिना उलटला, तरी उत्तर झालं नाही, म्हणून आधी कान पकडतो. तुला फोनवर ऐकू येत नाही, कानात यंत्र घालायला तू तयार नाहीस, तेव्हा करावे ते द्रोणागिरी असा आपला कारभार पोस्टावरच चालायचा. भावेश म्हणतो, बाबा, स्कूटरवर जाऊन परत याल तोवर पत्र पेटीतूनही निघणार नाही. म्हणू दे.

इकडे कॉलेजात माझं डोकं चालेनासं झालंय. इतकी वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं. पोरं चुकीचं लिहायची, पण ज्याचं त्याचं वेगळं चुकायचं. आता सगळे निबंध एकसारखे गुळगुळीत. एआयला विषय सांगायचा, की ते लिहून देतं. मी रात्रंदिवस संशय घेत बसतो. विजयमाला म्हणते, तुम्ही आता चहासुद्धा खरा आहे का ते बघून पिता.

तू एक लांब पत्र लिही. माणसाने लिहिलेलं काहीतरी वाचायचंय. जमलं तर बाबांबद्दल लिही. ते गेले तेव्हा मी सहाचा होतो, माझ्याकडे त्यांचं असं काहीच नाही.

रागावलीस तरी लोभ राहू दे.
तुझा,
रोहिदास

द्रोणागिरी
२ ऑगस्ट २०२५

प्रिय बंधू रोहिदास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले आणि मन भरून आले. आपले बालपण म्हणजे खाडीच्या वाऱ्यासारखे होते, खारट तरीही हवेहवेसे. बाबा फार बोलत नसत, परंतु त्यांच्या मौनातही माया होती. गावदेवीच्या जत्रेत गर्दीत तुला काही दिसेना, तेव्हा बाबांनी तुला अलगद खांद्यावर घेतले होते. तू तिथून सारे जग पाहिलेस. आज तू विद्यार्थ्यांना जे जग दाखवतोस, ते कदाचित त्याच खांद्यावरून दिसलेले असेल.

यंत्रांची भीती बाळगू नकोस. जिथे माया असते तिथे यंत्र पोहोचू शकत नाही. यंदा नारळी पौर्णिमेला येणे जमणार नाही, त्याबद्दल मन दुखावून घेऊ नकोस.

माझे आशीर्वाद सदैव तुझ्या पाठीशी आहेत.
तुझी ताई,
जमुना

करावे
१२ ऑगस्ट २०२५

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

काय लिहू? अक्षर तुझ्या नातीचं दिसलं, पण पत्र वाचून मी रडलो. आयुष्यभर तू मला शिव्या घातल्यास आणि आता हे! जत्रा मला लख्ख आठवली. बाबांच्या मानेला येणारा घामाचा वास, माझे लोंबकळणारे पाय, खाली सगळी डोकीच डोकी. इतकी वर्षं कुठे दडलं होतं हे?

मी ते पत्र तिसऱ्या वर्षाच्या वर्गात वाचून दाखवलं. म्हटलं, पोरांनो, माझी बहीण सातवी शिकलेली आहे. असं लिहून दाखव म्हणावं तुमच्या एआयला.

त्याच तासाला मी संघप्रियाचा निबंध परत केला. तुर्भ्याची मुलगी, मागच्या बाकावर बसणारी, कधी तोंड न उघडणारी. विषय होता, आठवण हे ज्ञान आहे का. आपल्या जुन्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडितांनी, आठवणीला खऱ्या ज्ञानात धरलेलं नाही, कारण ती ताजा अनुभव नसते. हिने तिच्या आजीचं, सुंदराबाईचं, उदाहरण दिलं होतं. आजी म्हणे लहानपणी खदानीत पडल्याची गोष्ट सांगते, पण पडली होती तिची बहीण. ऐकून ऐकून आजीला आपणच पडलो असं वाटतं. मला हे फार रचलेलं वाटलं. अशी आजी असते का? शिवाय भाषा साबणासारखी. मी शून्य दिलं आणि चौकशी समितीकडे पाठवलं. नापास झाली तर तिची शिष्यवृत्ती बंद होईल, वर्षही जाईल. वाईट वाटतं, पण खोटं ते खोटं.

तुझ्या अशाच पत्रांची वाट बघणारा,
रोहिदास

द्रोणागिरी
२४ ऑगस्ट २०२५

चि. रोहिदास,
आशीर्वाद घे, मग पुढचं वाच.

हे पत्र माझ्या हातचं हाय, ते वाकडं अक्षर बघूनच कळेल. जुलैत मोरीत पाय घसरून माझं उजवं मनगट मोडलं. तुला कळवलं नाय. तू धावत आला असतास आनि प्लास्टरपेक्षा तुझ्या भाषनाचाच मला जास्त त्रास झाला असता.

तुझं पत्र आलं तेव्हा माझी नात पूर्वी म्हनाली, आजी तू बोल, मी लिवून घेते. मी बसून खूप बोलले, तुला चार शिव्या पन दिल्या. तिनं ते सगळं मोबाईलमधल्या त्या तुझ्या एआयला ऐकवलं. त्यानं शिव्या काढल्या आनि असलं गोड करून दिलं की मला वाटलं कोनी इनामदाराची बाई बोलते. पूर्वीला म्हटलं, जाऊ दे, असंच कागदावर उतरव, मास्तरला शुद्ध आवडतं.

पन तू ते वर्गात वाचशील हे कोनाला माहीत! वाचून मला घाम फुटला. आनि रोहिदास, बाबांनी तुला कधी खांद्यावर घेतलं नाय रे. जाळं ओढताना त्यांचा खांदा निखळला होता, तू व्हायच्या आधीच. त्यांना भरलेली बादली उचलवत नव्हती. ते त्या मशीननं आपल्या मनानं घातलं. तुला घामाचा वास कुठून आला?

त्या तुर्भ्याच्या पोरीचं काय केलंस? तिचं वर्ष घालवलंस तर माझ्या दारात येऊ नको.

मया कमी झाली नाय, राग आलाय तेवढा.
ताई

करावे
६ सप्टेंबर २०२५

ती. ताईस,
नमस्कार, आधी मनगटाला.

तुझं पत्र मी दोन दिवस पुन्हा पुन्हा वाचलं. हात मोडला ते लपवलंस याचा राग आला, मग लाज वाटली, मग काहीच कळेना. विजयमाला म्हणाली, पहिल्यांदाच तुम्ही गप्प आहात तर जेवून घ्या.

समितीची बैठक गुरुवारी झाली. मी म्हटलं, शून्य मी मागे घेतो, पण आधी मुलीला बोलू द्या. संघप्रिया उभी राहिली. तिने सांगितलं की भाषा नीट करायला तिने एआय वापरलं होतं, कारण वर्गात तिच्या भाषेला हसतात. पण आजी तिची आहे, खदानही तिचीच आहे. मग तिने तिच्या बोलीत सगळा निबंध तोंडी सांगितला, आणि लिहिला होता त्याहून चांगला सांगितला. मी तिला आतापर्यंत एकदाही बोलायला लावलं नव्हतं. अध्यक्षांनी मला विचारलं, मग हे तिचं धरायचं की मशीनचं? मी म्हटलं, माझ्या सख्ख्या बहिणीने हेच केलं आणि मी ढसाढसा रडलो, आता ते रडणं कुणाचं धरायचं ते मला माहीत नाही. समितीतल्या एक बाई हसल्या. शेवटी तोंडी परीक्षेचे गुण धरले. मुलगी पास झाली, शिष्यवृत्ती वाचली. वर्गातही मी खरं काय ते सांगून टाकलं.

पण माझं काय? तो खांदा माझ्या डोक्यातून जात नाही. खोटा आहे हे माहीत असूनही डोळे मिटले की मी वर बसलेला असतो. मशीनने दिलेली एक ओळ, आणि घाम, पाय, गर्दी मी घातली? की आणखी कुठून आली? हे शिकवण्यात माझा जन्म गेला आणि मला साधं एवढं सांगता येत नाही. बाबांचं एवढं एकच माझ्याकडे होतं ताई, तेही निघालं परक्याचं. त्या जागी ठेवायला खरं काहीतरी पाठव. लहानसं चालेल.

तुझ्या शिव्यांवर हक्क सांगणारा,
रोहिदास

द्रोणागिरी
१५ सप्टेंबर २०२५

चि. रोहिदास,
पोट भरून आशीर्वाद.

पोरगी पास झाली, बरं केलंस.

तुझं पत्र आल्यापासून मी आठवत बसले. पूर्वीला विचारलं, मी त्या दिवशी काय बोलले होते गं? ती म्हनाली, आजी, तू खांद्याचं बोलली होतीस, कोनाचा ते माझ्या ध्यानात नाय. मग मला उमगलं. जत्रा खरी हाय. गर्दीत तुला काय दिसेना, तू बाबांच्या पायाला धरून रडत होतास. बाबांनी वाकून तुला उचलायला बघितलं, जमलं नाय, नि त्यांच्या डोळ्यांत पानी आलं. मी तेव्हा तेरा वर्षांची. तुला मी वर घेतलं. घाम माझा होता. लाथा मारत होतास, मेल्या, आनि बाबा पूर्न वेळ मागून तुझी पाठ धरून चालत होते.

हे खरंच असं झालं, का तुला बरं वाटावं म्हनून मला असं आठवतं, ते मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाय. तू प्रोफेसर हायस, तू ठरव.

पन माझा डावा खांदा तेव्हापासून दुखतो, तो अजून दुखतो. पत्राला उत्तर लिवू नको. ये आनि तेल लावून दे.

वाट बघनारी,
ताई