बाझीलची जोडसायकल

ला ब्रुसेत,
मंगळवार, १८ जून १९५७

लाडक्या ओदीलला,

वहिनीचा आशीर्वाद आणि दोन्ही गालांवर पापे.

तब्येत कशी आहे? खरं सांग, नेहमीसारखं 'ठीक' लिहून हात झटकू नकोस. डॉक्टरांनी जिना चढायचा नाही म्हटलंय, तेव्हा माळ्यावरचे बटाटे योलांदला काढू दे. लेक लग्न होऊन गेली ती पलीकडच्याच गल्लीत ना, मग तिला कसलं ओझं?

मी निघाले बरं का. हो, सायकलवरच. लांजाकमध्ये सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. शेजारीण म्हणाली, एकोणसाठाव्या वर्षी, एकटीने, ते दोन सीटचं धूड घेऊन मार्जरीदचे डोंगर चढणार? आगगाडीत टाक की. मी म्हटलं, बाई गं, जोडसायकल भाचीला आणि जावयाला द्यायची ही बाझीलची शेवटची इच्छा. ती मी मालाच्या डब्यातून पाठवायची नाही. आणि खरं सांगू? फेब्रुवारीत त्याला पोहोचवून आले, तेव्हापासून घरात बसून अंगाला बुरशी चढायची बाकी होती.

रस्ते तुझ्या माहितीतलेच. दुपारभरात एखादी गवताची गाडी, नाहीतर गायी. चढ आला की उतरून ढकलते, उतार आला की बसते. जिभेची खोड मात्र जात नाही. तीस वर्षं मागच्या सीटवर आंधळा नवरा बसवून चालवली, त्याला सगळं पुढून ओरडून सांगावं लागे. उजवीकडे. खड्डा. थांबलो, उतर. आजही मी मोकळ्या सीटला खड्डे सांगत होते. एका गाईने चरायचं सोडून माझ्याकडे बघितलं.

आणि गावोगाव तोच विनोद. मागची सीट रिकामी दिसली रे दिसली, की चर्चसमोर बसलेला एखादा म्हातारा हमखास ओरडणार, "बाई, मागचं माणूस चढावर सांडलं की!" जगात हे आपल्यालाच सुचलं असा आव. बाझील खुर्च्या विणायला जायचा, तिथून त्याला आणायला मी एकटी निघायचे, तेव्हा रोज ऐकायचे. या खेपेला पहिल्या गावात ऐकलं आणि वेशीबाहेर जाऊन रडले. दुसऱ्या गावात हसले. तिसऱ्यात म्हटलं, "सांडलं नाही, पुरलं." म्हातारा बिचारा टोपी काढून उभा राहिला, मलाच वाईट वाटलं.

आज पाइनच्या जंगलातली खिंड ओलांडली. पलीकडे उतरल्यावर मात्र कुणी काही बोललं नाही. दोन गावं गेली. माणसं होती, बघत होती, हात करत होती. विनोद कुणी केला नाही. सुटले म्हणायचं.

इथल्या खानावळवालीने न विचारता दोन वाडगे सूप मांडलं. मी एकटीच आहे म्हटलं, तर म्हणाली, "असू दे, ते येईपर्यंत झाकून ठेवते." ऐकायला कमी येत असेल तिला. मसूर मात्र झकास होती.

शनिवारी जेवायला तुझ्याकडे. सॉसेज मी आणते, तू चुलीपाशी जायचं नाही.

तुझी वहिनी,
आद्रियेन


मांदच्या वरचा घाटमाथा,
गुरुवार, २० जून

ओदील,

परवाचं पत्र पोहोचलं असेल. त्यानंतर जे झालं ते लिहू नये असं वाटत होतं, तुझ्या छातीच्या दुखण्यामुळे. आता न लिहून भागायचं नाही. आधी खुर्चीवर बस, मग वाच.

काल दुपारी रस्त्याकडेचं गवत कापणारा एक माणूस भेटला. पाणी प्यायला थांबले होते. इकडचं तिकडचं बोलणं झालं, आणि तो म्हणाला, "तुमचे यजमान भारी हौशी आहेत हो. चढभर मान वळवून वळवून डोंगर बघत होते. मला हात करून ससाणा दाखवला. तुम्ही आपल्या खाली बघून पायडल मारताय."

मी सांगितलं, माझे यजमान आंधळे होते. तो हसला. म्हणाला, "मग मलाही तसलेच डोळे द्या. मला नव्हता दिसला तो ससाणा."

मागे वळून बघितलं. सीट रिकामी. मी बघते तेव्हा ती रिकामीच असते, हे आधीच सांगून ठेवते. दुसऱ्यांना दिसतं ते मला दिसत नाही. चाळीस घरांचं गाव काल माझ्या मागे बघून मान लववत होतं, आणि मी येड्यासारखी उलट मान लववत होते.

आता सायकलचं सांगते, म्हणजे मला भ्रम झाला नाही हे तुला पटेल. या सायकलचे पुढचे आणि मागचे पायडल एकाच चेनने बांधलेले असतात. मागच्याने मारलं की पुढच्याचे पाय आपोआप फिरतात. आज सकाळी घाट लागला, आणि मला उतरावंच लागलं नाही. एवढा चढ, पण सायकल हलकी हलकी वर जात होती. शेवटच्या वळणावर मी दोन्ही पाय उचलून घेतले. पायडल फिरतच राहिले. सावकाश, एका लयीत, दर फेरीला डाव्या बाजूला जरा जास्त जोर. बाझीलचा डावा पाय कसा होता, तुला सांगायला नको.

भीती वाटली नाही, ओदील. नवराच तो माझा. मला इतका आनंद झाला की घसा फुटेस्तोवर ओरडले, बाझील, थांबलो, उतर. पायडल थांबले नाहीत. जन्मभर त्याने माझा हा शब्द कधी मोडला नव्हता. दोन्ही ब्रेक करकचून दाबले, तेव्हा कुठे सायकल उभी राहिली. भीती वाटली ती तिथे. कारण घाटमाथ्यावरून खाली तुझं मांद दिसतं, चर्चचे दोन्ही मनोरे दिसतात, आणि त्याला तिकडेच जायचं होतं.

मग डोक्यात लख्ख उजेड पडला. तुझं एप्रिलचं पत्र. पत्र आलं की त्याच्यासाठी मोठ्याने वाचायची माझी सवय. तो गेल्यावरही मी त्याच्या खुर्चीसमोर बसून तुझं पत्र पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचलं. डॉक्टर पुढच्या हिवाळ्याचं नाव काढत नाहीत, हे वाचलं. आणि खाली तू लिहिलं होतंस ते पण वाचलं. 'दादाचे डोळे गेले तेव्हा मी पाच वर्षांची होते, त्याने माझं तेवढंच तोंड बघितलं, आता वर गेल्यावर तो मला ओळखणार कसा?'

त्याने ऐकलं, ओदील. त्याला आता दिसतं, आणि तो तुला बघायला निघालाय.

नुसतं बघून जाणार असेल तर मी त्याला पाठुंगळीला मारून आणीन. पण आमच्याकडे जुनी माणसं म्हणायची, गेलेला माणूस घरच्यांना भेटायला येतो तो रिकाम्या हाताने परतत नाही. मला तू हवी आहेस. बाझील गेला, उद्या तूही गेलीस तर मला वहिनी म्हणणारं कोण उरलं?

म्हणून ठरवलं. सायकल इथेच राहील. इथली खानावळ चालवणाऱ्या ओनोरीनच्या गोठ्यात साखळदंड घालून कुलूप लावलंय, किल्ली माझ्या गळ्यात आहे. उद्या दुपारच्या बसने मी एकटी येते. तू शांत राहा. आणि मनातल्या मनातसुद्धा दादाला हाक मारू नकोस.

आद्रियेन


शुक्रवार, सकाळ

ओदील,

टपालवाला मोटारसायकल चालू ठेवून दारात उभा आहे. मला घेऊन चल म्हणून हातापाया पडले, तर मागे पिशव्या आहेत म्हणतो. चिठ्ठी मात्र थेट तुझ्या हातात देईन म्हणाला. वाटेत तो बाझीलला गाठतो की नाही, देव जाणे.

गोठा रिकामा आहे. साखळदंड जमिनीवर पडलाय, कुलूप तसंच्या तसं बंद.

ओनोरीनने गायी सोडताना त्याला बघितलं. नीट बोलला म्हणे तिच्याशी. म्हणाला, "बायको दमलीये माझी, झोपू दे तिला. ती येईल बसने. पुढे सगळा उतारच आहे, मी जातो." आणि पुढच्या सीटवर बसून गेला. पुढच्या सीटवर, ओदील. जन्मात तो तिथे बसला नव्हता. ओनोरीन म्हणते, वळणाला हात दाखवून वळला, अगदी शहाण्यासारखा.

दार उघडू नकोस, असं लिहिलं होतं. खोडलं. तू उघडणार. मीही उघडलं असतं. तेव्हा उघड. उजेडात उभी राहा, त्याला तुझं तोंड बघू दे, सुरकुत्यांची लाज धरू नकोस. कॉफी दे. लहानपणचं काय बोलायचं ते पोटभर बोला.

मग तो म्हणेल, चल, एक फेरी मारून येऊ. तुला काही कष्ट नाहीत म्हणेल. गोड बोलतो तो, मी त्याच्याशी संसार केलाय.

मागच्या सीटवर बसू नकोस. हात धरला तरी बसू नकोस, रडला तरी बसू नकोस. ती सीट रिकामी ठेवून तो इथून निघाला आणि मला उठवलं नाही, त्याने माझ्या काळजाचं काय झालं ते मी तुलाही सांगणार नाही. त्याला फक्त एवढं सांग, वहिनी दुपारच्या बसने येतेय. ती जागा तिची आहे.

मी येईपर्यंत त्याला बोलण्यात गुंतवून ठेव.

निघालेच,
आद्रियेन