कोलारिक आणि मुलगी

कीझर क्रीक, नेब्रास्का
१२ मे १९८७

प्रिय मायलो,
सा. न. वि. वि.

गाडी ट्रेलरवर चढवून तू ओमाहाला निघालास आणि अंगण भकास झालं. बाबा गेले तेव्हाही इतकं सुनं वाटलं नव्हतं म्हटलं तर हसशील. हस.

पुन्हा बजावते: ब्रेक आणि मागच्या हौद्यातल्या कुजलेल्या फळ्या, एवढंच काम. बाकी कशाला हात लावायचा नाही. एक्कावन्नची शेवरोले पिकअप आहे ती. पायाने दाबायचा स्टार्टर, मागच्या कोपऱ्यांना वळणदार काचा. घोड्यांची शेवटची जोडी विकून बाबांनी ती आणली म्हणून आईने अबोला धरला होता, आणि हिवाळ्यात हीटरची ऊब लागल्यावर चर्चला निघताना सगळ्यांच्या आधी तीच आत जाऊन बसायची. वासरं, डुकरं, मक्याची पोती, माझा नाचाचा झगा, सगळं त्याच गाडीने वाहिलं. रस्त्यावर समोरचा माणूस आधी ती गाडी ओळखतो आणि स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो. आत कोण बसलंय ते मागाहून बघतो.

आणि दाराला जप. इथले शेतकरी गाडीच्या दारावर आडनाव रंगवून पुढे ‘आणि मुलगे’ लिहितात. अख्ख्या तालुक्यात मुलगी आमच्याच दारावर होती. ‘कोलारिक आणि मुलगी’ वाचून अजूनही लोक मला चिडवतात, आणि मला ते आवडतं.

खसखशीचं सारण भरलेले गोड पाव, आपले कोलाचे, पाठवलेत. वहिनीलाही दे, एकटाच फस्त करू नकोस. माया आहे तशी राहू दे.

तुझी,
व्हर्ना

ओमाहा
३० जुलै १९८७

चि. व्हर्नास,
अनेक आशीर्वाद.

कोलाचे वहिनीपर्यंत पोचले नाहीत. गुन्हा कबूल.

तुझ्या गाडीने इथे धमाल उडवली आहे. शनिवारी मैदानात जुन्या पिकअपचा मेळा भरतो. ज्यांनी जन्मात शेणाची पाटी उचलली नाही असे डॉक्टर आणि वकील हौद्याला वार्निश लावून उभे असतात. आत कोंबडीसुद्धा बसू देत नाहीत. तासन्‌तास बोलतात: महायुद्ध संपल्यावर शेतकऱ्यासाठी काढलेली ही गाडी, तिघं ऐसपैस बसतील अशी केबिन, नांगरासारखी मजबूत आणि तरी नाकीडोळी नीटस. मी म्हटलं, आम्ही तर तिच्यात डुकरं घालायचो. एका वकिलाच्या डोळ्यांत पाणीच आलं.

एक वाईट बातमी आहे. दोन्ही दारं गंजून त्यांची चाळण झाली होती, बदलावी लागली. अक्षरं गेली. इलाज नव्हता, मनाला लावून घेऊ नकोस. बाकी तुझ्यासाठी एक गंमत केली आहे, ती बघितल्यावरच कळेल.

तुझा,
मायलो

कीझर क्रीक
२३ ऑगस्ट १९८७

मायलो,

गाडी पोचली, तुझी गंमत बघितली. टोमॅटोसारखी लाल. बसले, सवयीने पाय स्टार्टरवर टाकला, तर खाली गालिचा! इंजिन नवं, गिअर आपोआप पडणारे. ब्रेक करायला सांगितले होते रे मी.

तरी धान्याच्या कोठारापर्यंत चालवत नेली. समोरून ह्रुस्का आला, आपला सख्खा शेजारी. शहरातला कोणी पाहुणा समजून सरळ निघून गेला. त्याने बोट उचललं नाही. माझ्या स्वतःच्या रस्त्यावर मी परकी झाले.

पण हेही मी गिळलं असतं. वाईट वाटलं ते दाराचं. ड्रायव्हरच्या दाराला वळूने शिंग घातलं होतं, आठवतं? बाबांनी जुन्या नंबरप्लेटचा तुकडा कापून आतून रिव्हेट मारले होते. दाराचा आतला पत्रा मी काल उघडून बघितला. तो तुकडा तिथेच आहे, आकडे वाचता येतात. दार तेच आहे, मायलो. गेली ती फक्त अक्षरं. खोटं का लिहिलंस?

व्हर्ना

ओमाहा
१ सप्टेंबर १९८७

चि. व्हर्नास,
आशीर्वाद.

पकडलंस. रंगवणाऱ्याने अक्षरांवर कागद चिकटवून ती झाकली होती, एवढी चांगली आहेत, राहू द्या म्हणाला. मीच म्हटलं, घासून टाक.

ती अक्षरं रंगवली तेव्हा मी जर्मनीत लष्करात होतो. रजेवर घरी आलो, बसमधून उतरलो, तर बाबा गाडी घेऊन न्यायला आलेले आणि दारावर ते शब्द. मी मुलगा नव्हतो का त्यांचा? सगळे हसले, मीही हसलो. त्यानंतर जेव्हा जेव्हा अंगणात पाऊल टाकलं, तेव्हा घरातल्या माणसांआधी ते दार समोर यायचं. बाबांनी मला केव्हाच वगळून टाकलं होतं, आणि तू त्यात मिरवायचीस. दार घासत होते तेव्हा मी तिथे उभा राहिलो. मला बरं वाटलं, व्हर्ना. खरं विचारलंस म्हणून खरं लिहिलं. रागावलीस तरी माया तोडू नकोस.

मायलो

कीझर क्रीक
९ सप्टेंबर १९८७

श्री. मायलो कोलारिक यांस,
नमस्कार.

गाडीची किल्ली ह्रुस्काकडे ठेवली आहे. येऊन घेऊन जा आणि उभी कर तुझ्या वकिलांच्या रांगेत. मला भेटायला थांबू नकोस. विश्वासाने हातात दिलेल्या वस्तूचा तू गळा कापलास, आणि वर मला गंजाची गोष्ट सांगितलीस.

मात्र बाबांवरचा आरोप मी तसा राहू देणार नाही. अक्षरं रंगवायला पाट्या लिहिणारा यानेचेक आला तेव्हा मी अंगणातच होते. त्याने दाराच्या मधोमध खडूने रेघ मारली. बाबांनी ती पुसायला लावली, नाव वर सरकवून घेतलं आणि खाली एक ओळ मोकळी सोडायला सांगितली. यानेचेक म्हणाला, बेढब दिसेल. बाबा म्हणाले, दिसू दे; पोरगा लष्करातून सुटून शेतावर राहिला तर त्याचं नाव खाली येईल. मग माझ्याकडे वळून दटावलं, की त्याला यातलं अक्षर कळवायचं नाही. नावासाठी येईल आणि जन्मभर कुढत बसेल, त्याला आपल्या मनाने ठरवू दे. मी शब्द दिला. तू ओमाहाची नोकरी धरलीस आणि ती ओळ कोरीच राहिली. नव्या अक्षरांना लोक तेव्हा हसत होते, आणि त्या खालच्या कोऱ्या जागेकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

बाबांना दिलेला शब्द आज मोडला. माझं नाव घासताना तू तुझी ओळही घासून टाकलीस. रंग मात्र झकास बसलाय, सगळे म्हणतात.

लोभाचं या खेपेला काही लिहीत नाही.

व्हर्ना