मधलं चाक

१२ सप्टेंबर, जिंतूर
चाक गायब!
सोन्याच्या आवरणाचं जुनं स्विस घड्याळ डोळ्यांसमोर धरलं, तर मधोमध नुसता धूर. टिकटिक चालू आहे. सरळ पाहिलं की चाक नाही. नजर जरा बाजूला नेली की आहे! काच पुसली, भिंग पुसलं. सविता आतून ओरडली, "काय बघायलाव एवढं त्या सापळ्यात? ताट वाढलंय."
भिंग ठेवून जेवायला उठलो.

१५ सप्टेंबर
सापळेच ते. स्केलेटन घड्याळं. तबकडी नाही, आतलं सगळं उघडं — चाकं, स्प्रिंग, लाल खडे. कारागिराने धातू कोरून कोरून नुसती जाळी ठेवलेली. कापसाचं जिनिंग वडिलांनी उभं केलं, मी चालवतो. कपाटातली ही घड्याळं तेवढी माझी. लोक म्हणतात, यात वेळ दिसत नाही की हो! मला कुठं वेळ बघायचीय?
आजही चाक दिसलं नाही.

२७ सप्टेंबर
संभाजीनगरला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. डोळ्याचा पडदा मधोमध झिजतोय म्हणे.
"ऑपरेशन?"
"नाही."
"चष्मा बदलून?"
"नाही. गेलेलं परत येत नाही. पण कडेचं दिसत राहील."
कडेचं! माझ्या नादात कडेला काय असतं?
उठताना म्हणाल्या, "हे रक्तातून येतं. मुलं असतील तर त्यांनाही आणा." एकच मुलगी, म्हटलं.
गाडीत सविता मंठ्यापर्यंत डॉक्टरीणबाईंचा कागद उलटसुलट करत होती. मग हळूच — "माझं तोंड दिसायलंय का तुमाला?"
हो म्हणालो. खोटं.

६ ऑक्टोबर
मुंबईच्या घड्याळवाल्या व्यापाऱ्याचा फोन. "साहेब, मिळालं!" किती वर्षं मागे लागलो होतो त्याच्या! हाताने कोरलेलं घड्याळ, अशी मोजकीच बनलेली. पाठव म्हणालो.
का म्हणालो?

१५ ऑक्टोबर
आलं. डबी उघडली. धूर.
परत बंद केली.

२ नोव्हेंबर
लेक राजेश्री दिवाळीला आलीय. परभणीला कृषी विद्यापीठात शिकते. डोळ्यांचं तिला आईने सांगितलेलं. मी डबी घेऊन खिडकीत बसलेलो, तर शेजारी येऊन बसली. "द्या इकडं, बाबा. मी सांगते."
आधी नको म्हणालो. मग दिलं.
"मधल्या पट्टीवर वेल कोरलीय. लय बारीक. पानाच्या शिरा सुदिक हायत! आन् हे एक पान अर्धंच सोडलंय बघा. कटाळला असंल बिचारा."
हसलो! सप्टेंबरनंतर पहिल्यांदा.
"आणि चाक?"
तिने घड्याळ उजेडाकडे धरलं. मग म्हणाली, "जीव असल्यावानी करायलंय, बाबा."
इतकं तर मला चांगले डोळे असताना कधी दिसलं नव्हतं.

५ नोव्हेंबर
कपाटाची किल्ली तिला दिली. "मला त्यातलं काय कळतंय?" म्हणाली.
"बघता येतं ना? बस झालं."
सगळी घड्याळं बाहेर काढून तिने पलंगावर मांडली. एकेक सांगत होती, मी ऐकत होतो. सविताही येऊन बसली. तिनेच आठवण काढली — डॉक्टरीणबाईंनी पोरीला आणा म्हटलं होतं. मी विषय टाळला. राजेश्रीच म्हणाली, "जाऊन येऊ की! मला काय झालंय?"

१८ नोव्हेंबर
संभाजीनगर. फळ्यावरची खालची बारीक ओळ तिने धडाधड वाचली. मला मनातून कोण आनंद! नंतर पडद्याचे फोटो काढले. नीट बघून कळवते, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ड्रायव्हरला तसंच पुढे न्यायला सांगून तिला परभणीला सोडलं, मग घरी. वाटेत जालन्याला जेवलो. तिच्या गप्पा काही संपेनात.

१९ नोव्हेंबर
कापूस ओला यायलाय. जिनिंग बंद ठेवलं.

२३ नोव्हेंबर
राजेश्रीचा फोन. सुट्टीत आली की प्रत्येक घड्याळाचं वर्णन लिहून ठेवणार म्हणे. "तुमाला वाचून दाखवीन."

२६ नोव्हेंबर
डॉक्टरीणबाईंचा फोन.
राजेश्रीलाही आहे. अजून तिला जाणवत नाही, एवढंच.
सविता समोर उभी राहून विचारायलीय — काय म्हणल्या? अवो, काय म्हणल्या?