दुपारी दोन ते तीन

सोमवार, ४

आलो एकदाचा. खोली झकास आहे. खिडकीतून ऊन येतं, पलंग करकरत नाही, आणि अख्ख्या इमारतीत एक नळ धड नाही, म्हणजे माझ्यासारख्या प्लंबरला स्वर्गच. खरा स्वर्ग शोधायला आलेली एकवीस माणसं खाली राहतात. या घराला ते प्रतीक्षागृह म्हणतात. काम काय, तर प्रभूची वाट बघणं. वाट बघायला स्वतंत्र इमारत लागते हे मला आजच कळलं.

त्या एकविसांत माझी थोरली बहीण आहे. आठ महिन्यांपूर्वी मेहुणे गेले. ताईने शिलाई मशीन झाकून ठेवलं, नऊ वर्षांची पोर माझ्या बायकोच्या स्वाधीन केली आणि इथं आली, ती आलीच. पोर रोज विचारते, आई कधी येणार. नोकरी हे निमित्त. रविवारी ताईला घरी न्यायचं, हे माझं खरं काम. हे घर चालवणाऱ्या पाळकसाहेबांना अर्थातच हे सांगितलेलं नाही.

मंगळवार, ५

इथला नियम ऐकून हसू आवरेना. दुपारी दोन ते तीन सगळ्यांनी हॉलमध्ये खुर्च्यांवर बसायचं, तोंड भिंतीकडे, पाठ दाराकडे. दार सताड उघडं. काही झालं तरी हलायचं नाही, वळायचं नाही. ज्याला बसायचं नसेल त्याने दोनच्या आत फाटकाजवळच्या शेडमध्ये जाऊन थांबायचं. पाळकसाहेबांनी हे मला तीनदा बजावलं, जसा काही मी बहिरा आहे.

मी शेडच्या खिडकीतून पाहिलं. एकवीस धडधाकट माणसं, ढिम्म. एका निवृत्त कारकुनाच्या टकलावर माशी फिरत होती, तरी त्याने हात उचलला नाही. सरकारी कचेरीत तीस वर्षं हाच सराव केला असणार. नंतर ताईला घरी चलण्याबद्दल विचारलं. म्हणाली, प्रभू सांगेल तेव्हा निघेन. तोवर तिच्या पोरीच्या वेण्या कोण घालणार, तेही प्रभूलाच विचार म्हटलं. ती रडली. मला वाईट वाटलं, पण बोललो ते खरंच होतं.

बुधवार, ६

एक माणूस सापडला बुवा! निवृत्त मास्तर, दोन आठवड्यांपूर्वी आलेले, कंटाळून गेलेले. मी त्यांच्या बेसिनचा पाइप बदलत होतो तेव्हा पोटभर हसलो दोघं. हातावर हात ठेवून बसण्याला विश्वास म्हणतात तर आमचा साडू मोठा संत, असं ते म्हणाले. उद्या अडीच वाजता सरळ उठून शेडमध्ये चहाला येणार आहेत. एक उठला की बाकीची मेंढरंही उठतील.

गुरुवार, ७

चहा गार झाला. मास्तर आले नाहीत.

तीन वाजता गेलो तर हॉलमध्ये वीसच जण. मास्तर गेले, असं पाळकसाहेब म्हणाले. फाटकातून तर कुणीच गेलं नव्हतं. मी तिथंच, फाटकाकडे तोंड करून बसलो होतो. मग मला त्यांची खोली रिकामी करायला सांगितलं. टेबलावर चष्मा होता. पेल्यातल्या पाण्यात दातांची कवळी होती.

दात ठेवून कुणी घरी जातं का?

शुक्रवार, ८

मास्तरांचं सामान ठेवायला कोठीची खोली उघडली. मास्तरांचा धरून चपलांचे सतरा जोड. काठ्या. कानाला लावायचं यंत्र. एक कुबडी.

ताईला जाब विचारला. तिने शांतपणे सांगितलं. दोन ते तीन या घरात काहीतरी फिरतं. ते प्रभू नव्हे. प्रभूवर भरवसा टाकून जो स्थिर बसतो त्याला ते शिवत नाही. जो उठतो, तो त्याचा होतो. मास्तर उठले. मग पळून का जात नाही, विचारलं. म्हणाली, आम्ही बसतो म्हणून ते इथं अडकून असतं. सगळे उठलो तर ते बाहेर पडेल, घराघरांत जाईल, पोरीपर्यंतही.

मी तिच्या तोंडावर हसलो. आळसाला इतकं भारी कारण मी आजवर ऐकलं नव्हतं. उद्या ओढूनच नेतो.

शनिवार, ९ — संध्याकाळ

जमेल तसं लिहितो.

अडीचला आत शिरलो. त्यांच्या समोर, भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. पहिल्यांदाच सगळ्यांचे चेहरे दिसले. घामाने निथळणारे. मी ज्याला आळस म्हणत होतो तो — मी आयुष्यात इतकं कष्टाचं काम केलेलं नाही.

ताईचा दंड धरून ओढलं. हलली नाही. मग मागची रांग दिसली. एकेकाच्या मानेवरचे केस उभे राहत होते आणि खाली बसत होते. एकाचे, मग शेजारच्याचे. कुणीतरी मागून सावकाश चालत होतं आणि दिसत नव्हतं. मी किंचाळलो. ते थांबलं. मग रांगेतून सरळ माझ्याकडे —

ताई उठली. आठ महिने न हललेली माझी ताई. तिने मला खांद्याला धरून तिच्या खुर्चीत दाबलं, प्रभूवर टाक म्हणाली, आणि उघड्या दाराकडे चालत गेली.

मी वळलो नाही. भरवशाने नव्हे. भीतीने.

रविवार, १०

तिच्या चपला कोठीत मीच ठेवल्या. अठरावा जोड.

बायकोला काय कळवू? शहाणा म्हणवतो स्वतःला. मेंढरं म्हणत होतो त्यांना. त्यांच्यातल्या एकानेही मला दोष दिला नाही, कारकुनाने तर स्वतःची भाकरी पुढे केली. थुंकले असते तर बरं झालं असतं.

सोमवार, ११ — दोन दहा

तिच्या खुर्चीत बसलोय. कुणीतरी बसायला हवं. वही मांडीवर. रिकाम्या हातांनी बसणं जमत नाही, कधीच जमलं नाही. अख्ख्या हॉलमध्ये हलतोय तो फक्त माझा हात —

मागची रांग झाली. आता माझ्या शेजारचा कारकून. त्याचे केस —

कारकुनापाशी थांबलं. नाही. पुढे आलं —

ताईचा आवाज. माझ्या कानामागे. म्हणते, चल रे, निघू या, पोर वाट बघत असेल. तिचाच आवाज. तिचाच. एवढंच तर ऐकायला आलो होतो मी —

नाही वळत. ताई असती तर उठ म्हणाली नसती. प्रभू, मला तुझी सवय नाही, कसं टाकतात तुझ्यावर ते माहीत नाही, पण हात थांबवतो, आता तू सांगेपर्यंत मी हल