सातव्या प्रश्नाचं उत्तर

दि. ९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे आम्ही बरे आहोत. हिची सर्दी गेली, माझं ऑफिस आहे तसंच. तुझा गुडघा पुन्हा धरलाय म्हणालीस; जिना होईल तेवढा टाळ.

दोन-दोन विमे असून आपल्यावर ही पाळी का आली, असं तू विचारलंस. फोनवर मी काहीतरी गुळमुळीत बोललो. आता नीट सांगतो. भावजींचा नोकरीतला मूळ विमा ठरावीक खर्चापर्यंतच होता. अतिदक्षता विभागात तो सहाव्या दिवशी संपला. त्यापुढचा खर्च उचलायला टॉप-अप असतो. म्हातारपणी मोठं दुखणं आलं की खरा आधार त्याचाच, म्हणून विमा एजंट या नात्याने मीच तो घ्यायला लावला. पण तो देताना कंपनी जुने आजार विचारते, आणि उत्तर खोटं निघालं की हात झटकते. बारा वर्षांपूर्वीच्या हृदयविकाराच्या झटक्याची नोंद त्यांना सापडली. फॉर्मवर 'नाही' होतं.

इथवर तुला माहीत आहे. पुढचं नाही.

भावजींनी काहीच लपवलं नव्हतं. तुमच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही फॉर्म भरत होतो, तू भाजी आणायला गेली होतीस. सगळी नोकरी दुकानदारांची वजनमापं तपासण्यात गेलेला माणूस. चष्मा लावून एकेक प्रश्न वाचत होते. सातव्या प्रश्नाशी थांबून म्हणाले, "इथे माझा झटका लिही. गोळ्यांची नावंही लिही." मी म्हटलं, लिहितो, तुम्ही सही करा. त्यांनी केली. ऑफिसात जाऊन मी 'नाही'वर खूण केली. 'हो' म्हटलं असतं तर फाइल डॉक्टरकडे गेली असती, महिना उलटला असता, कदाचित विमा मिळालाच नसता. आणि माझं त्या वर्षीचं टार्गेट एका पॉलिसीने अडलं होतं.

नकाराचं पत्र भावजींनी हॉस्पिटलच्या खाटेवर दोनदा वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. तू विचारलंस, तुम्ही सांगितलं नव्हतं? "राहून गेलं," म्हणाले. मी शेजारी उभा होतो. तू औषधं आणायला खाली गेलीस, तेव्हा मला रडू फुटलं. तर मलाच म्हणाले, "तिला सांगू नकोस. माहेरचा तू एकटाच उरलायस. मी गेल्यावर तिला कुणीतरी लागेल."

आणखी खर्च नको म्हणून दुसऱ्या दिवशी हट्टाने घरी आले. शेवटचे ते अकरा दिवस तू त्यांच्याशी धड बोलली नाहीस. मी रोज फळं घेऊन यायचो आणि तुझा अबोला बघत बसायचो. एक वाक्य बोललो असतो, तर निदान ते दिवस त्यांना तुझ्यासोबत मिळाले असते.

रविवारी तू म्हणालीस, "ते खोटं वागून गेले, तू मात्र पाठीशी उभा राहिलास." मी 'हं' म्हणालो. त्याच रात्री जबाब लिहायला बसलो.

सोबत माझ्या लेखी जबाबाची प्रत आहे. मूळ आज कंपनीत देऊन आलो. माझं लायसन्स जाईल. तुला काही मिळेल की नाही, सांगता येत नाही. दावा पुन्हा तपासावा असा अर्जही जोडलाय; त्यावर तुझी सही लागेल तिथे पेन्सिलीने फुली केली आहे. आधी प्रत्येक ओळ स्वतः वाच, मगच कर.

मला फोन करू नकोस, आधी नणंदेला कर. भावजी गेल्यावर तू तिच्यासमोर त्यांना खोटारडा म्हणालीस, आणि ती उठून गेली. तिला सांग, "खोटारडा तुझा भाऊ नव्हता, माझा होता."

तुझा तोच,
धाकटा